उमरावांचं रक्त आणि राजाची सनद

सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, उरलेल्या वंशपरंपरागत उमरावांच्या जागा काढून घेणारं विधेयक मांडलं. तेव्हापासून हा विषय निघाला की आपल्याकडेही दोन तट पडतात. एका तटाचे लोक हळहळतात: इंग्रजांनी हजार वर्षं जपलेली परंपरा, आणि एक निवडणूक जिंकून आलेलं सरकार ती मोडायला निघालंय. आपणही १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे असेच बंद केले, असा सुस्कारा त्याला जोडलेला असतोच. दुसऱ्या तटाला उत्साहाचं भरतं आलेलं: सरंजामशाही अखेर संपली, लोकशाही जिंकली. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात आणि दोघेही एक गोष्ट न तपासता धरून चालतात, ती ही की ही पदं खरोखरच रक्तातून चालत आली.

माझं म्हणणं असं आहे की इंग्लंडमधली वंशपरंपरागत पदं नुसत्या वंशाच्या बळावर कधीच चालली नाहीत. राजाने आणि संसदेने ती दिली, खालसा केली, परत दिली, वाटेल तेव्हा त्यांच्या अटी बदलल्या. त्यामुळे आजच्या संसदेने लॉर्ड्समधल्या जागा काढून घेणं परंपरेला धरूनच आहे, आणि ते योग्यही आहे. मात्र तेवढ्याने विशेषाधिकार संपला असं मानणाऱ्यांनी विजयाचे ढोल वाजवण्याची घाई केली आहे. सोयीचं उदाहरण निवडलं असा आरोप नको, म्हणून सगळ्यांत मानाचं घराणंच घेऊ. हॉवर्ड घराणं, म्हणजे नॉरफोकचे ड्यूक (ड्यूक हा उमरावांतला सर्वांत वरचा हुद्दा). राजघराण्याबाहेरच्या इंग्लिश ड्यूकांत पहिला मान यांचा. राज्याभिषेक आणि राजेराण्यांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणारं अर्ल मार्शलचं पदही यांच्याकडेच, तेही वंशपरंपरेने.

हे ड्यूकपद हॉवर्डांकडे आलं कसं? आधी ते मोब्रे घराण्याकडे होतं. शेवटच्या मोब्रे ड्यूकला एकच मुलगी, ॲन. १४७८ मध्ये पाच वर्षांच्या ॲनचं लग्न राजा चौथा एडवर्ड याच्या चार वर्षांच्या धाकट्या मुलाशी लावलं गेलं. १४८१ मध्ये ती पोर वारली. रिवाजाप्रमाणे तिची मालमत्ता मोब्रेंच्या वारसांकडे जायला हवी होती, आणि त्यांतला एक होता जॉन हॉवर्ड, आईकडून मोब्रे. एडवर्डने संसदेकडून कायदा करवून घेतला आणि सगळं आपल्या लहानग्या मुलाकडेच ठेवलं. १४८३ मध्ये एडवर्ड वारला. त्याचा भाऊ तिसरा रिचर्ड २६ जूनला सिंहासनावर बसला आणि २८ जूनला जॉन हॉवर्ड ड्यूक झाला. एडवर्डची दोन मुलं तोवर टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात होती. पुढे ती कुणालाच दिसली नाहीत. हॉवर्डला त्यातलं किती ठाऊक होतं यावर इतिहासकारांनी खुशाल भांडावं. आपल्यापुरतं एवढं पुरे की राजा बदलल्यावर दोन दिवसांत ‘प्राचीन’ ड्यूकपद जन्माला आलं.

ते टिकलं दोन वर्षं. ऑगस्ट १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला, त्याच्या बाजूने लढणारा जॉन हॉवर्डही पडला, आणि जिंकलेल्या सातव्या हेन्रीने पद खालसा केलं. मुलगा थॉमस कैदेत गेला. त्याने नव्या राजाची मर्जी चिकाटीने मिळवली, आधी सरेची अर्लकी, म्हणजे ड्यूकपेक्षा खालचा हुद्दा, परत घेतली, आणि १५१३ मध्ये फ्लॉडनच्या रणात स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्या सैन्याचा धुव्वा उडवला. जेम्स स्वतः तिथे मारला गेला. बक्षीस म्हणून १५१४ मध्ये ड्यूकपद परत आलं. थॉमसचा मुलगा, तिसरा ड्यूक, याचं नावही थॉमसच, आठव्या हेन्रीच्या दरबारात मुरला. त्याची भाची ॲन बुलीन राणी झाली, पुतणी कॅथरीन हॉवर्डही राणी झाली, आणि दोघींचीही मुंडकी उडाली. पुढे राजाची गैरमर्जी खुद्द त्याच्यावर वळली. त्याचा मुलगा, कवी म्हणून नावाजलेला सरेचा अर्ल, राजचिन्हं आपल्या ढालीवर लावल्याच्या आरोपावरून जानेवारी १५४७ मध्ये मारला गेला. बापाचीही शिक्षा ठरली होती. २८ जानेवारीच्या पहाटे हेन्री वारला म्हणून म्हातारा वाचला. सहाव्या एडवर्डची सगळी कारकीर्द त्याने तुरुंगात काढली आणि १५५३ मध्ये मेरी राणी झाल्यावर पदासह बाहेर आला. पुढच्या वर्षी पद नातवाला मिळालं. त्या नातवाने, चौथ्या ड्यूकने, स्कॉटलंडच्या पदच्युत राणी मेरीशी लग्नाचा घाट घातला, पहिल्या एलिझाबेथविरुद्धच्या कटात तो सापडला आणि १५७२ मध्ये त्याचं डोकं उडालं. ड्यूकपद पुन्हा खालसा. ते परत मिळालं १६६० मध्ये, म्हणजे ८८ वर्षांनी, दुसऱ्या चार्ल्सच्या पुनरागमनानंतर. तेही संसदेच्या कायद्याने.

आता ‘अखंड परंपरा’ कुठे शोधायची? पहिल्या चार ड्यूकांपैकी एक रणात पडला, एक जल्लादाच्या कुऱ्हाडीखाली गेला, एक राजाच्या मरणामुळे तेवढा वाचला. बॉसवर्थनंतरच्या पावणेदोनशे वर्षांतली जवळपास सव्वाशे वर्षं हे ड्यूकपद कायद्याच्या दृष्टीने खालसाच होतं.

यावर परंपरावाद्यांचं एक उत्तर असतं आणि ते दमदार आहे. ते म्हणतात, तुम्ही दाखले देताय ते जुलमी राजांच्या खुनशीपणाचे. आधुनिक संसदेने आठव्या हेन्रीचा कित्ता गिरवावा काय? प्रश्न रास्त आहे. पण जप्तीचा कायदा जुलमी म्हणून रद्दबातल मानायचा, तर परतीचा कायदा कशाच्या जोरावर मानायचा? १६६० चा कायदा आणि त्याआधीच्या जप्त्या एकाच अधिकारातून निघाल्या. शिवाय आज कुणाचं डोकं मागितलेलं नाही, किल्ला मागितलेला नाही, ‘ड्यूक’ ही उपाधीसुद्धा मागितलेली नाही. कायदे करणाऱ्या सभागृहात जन्माच्या दाखल्यावर बसू नका, एवढंच सांगितलं आहे. याला टॉवर ऑफ लंडनची उपमा देणं म्हणजे त्या टॉवरमध्ये सडलेल्यांची थट्टा आहे. त्यांच्यातला एक, चौथ्या ड्यूकचा मुलगा फिलिप, कॅथलिक झाल्याबद्दल १५८५ मध्ये कैदेत पडला, दहा वर्षांनी तिथेच मेला आणि १९७० मध्ये पोपने त्याला संत घोषित केलं.

फिलिपचं नाव निघालंच आहे तर ‘जन्मसिद्ध हक्क’ या दाव्याकडे वळू. हॉवर्डांची मुख्य शाखा बहुतेक काळ कॅथलिक राहिली. १६७८ मध्ये संसदेने कायदा केला की कॅथलिकांना लॉर्ड्समध्ये बसता येणार नाही. बंदी उठली १८२९ मध्ये. म्हणजे १५१ वर्षं इंग्लंडच्या पहिल्या मानाच्या ड्यूकाला धर्म सोडल्याशिवाय सभागृहाचं दार बंद होतं. काहींनी धर्म बदलून ते उघडून घेतलं, बाकीचे बाहेर राहिले. बाहेर राहिलेल्यांचा स्वाभिमान मला भावतो, पण रक्त तर दोघांचंही हॉवर्डांचंच होतं ना? रक्त पुरेसं असतं तर कॅथलिक धर्म नाकारणाऱ्या शपथेची गरज का पडली?

बायकांचं तर बोलायलाच नको. स्वतःच्या हक्काने वंशपरंपरागत पद असलेल्या स्त्रियांना लॉर्ड्समध्ये बसता यायला १९६३ साल उजाडावं लागलं. त्याहून बोलकी गोष्ट १९७५ ची. सोळावा ड्यूक बर्नार्ड वारला तेव्हा त्याला चार मुली होत्या, मुलगा नव्हता. ड्यूकपद मुलींना वगळून दूरच्या चुलत शाखेतल्या माइल्सकडे गेलं. पण बर्नार्डकडे आईकडून आलेलं लॉर्ड हेरीस हे स्कॉटिश पदही होतं आणि ते मुलींना चालत होतं. ते थोरल्या मुलीला, ॲनला मिळालं. (भारतात जन्मलेला इंग्लंडचा क्रिकेट कर्णधार कॉलिन काउड्री हिचाच नवरा.) एक बाप, एक मुलगी, एकच रक्त, आणि एका पदाला ती वारस ठरते, दुसऱ्याला ठरत नाही. फरक कशाचा? प्रत्येक पदाच्या मुळाशी असलेल्या नियमाचा. आणि हे नियम दगडावरच्या रेघाही नाहीत. मार्लबरोच्या पहिल्या ड्यूकचा मुलगा वारला तेव्हा १७०६ मध्ये संसदेने कायदा करून त्याचं पद मुलींनाही जाईल अशी तजवीज केली, आणि १७२२ मध्ये त्याची मुलगी हेन्रिएटा त्या पदावर आलीही. कारण तो फ्रान्सला हरवणारा सेनापती होता आणि राज्याला त्याची गरज होती. नॉरफोकच्या चार मुलींसाठी कुणी तसदी घेतली नाही.

परंपरावाद्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र वेगळा आहे. ते म्हणतात, जन्माने आलेला उमराव कुणाचा मिंधा नसतो. त्याला ना तिकीट हवं ना मंत्रिपद, म्हणून तो निर्भीडपणे बोलू शकतो. मी हा मुद्दा हसण्यावारी नेत नाही, कारण याच घराण्यात त्याचा पुरावा आहे. अकरावा ड्यूक चार्ल्स हॉवर्ड राजकारणासाठी प्रॉटेस्टंट झालेला, पण विचाराने बंडखोर. १७९८ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धास्तीने सरकार दडपशाही करत असताना, त्याने लंडनमधल्या एका मेजवानीत ‘आपली सार्वभौम सत्ता, म्हणजे जनता’ अशा अर्थाने पेला उंचावला. राजाने त्याच्याकडची लॉर्ड लेफ्टनंटची, म्हणजे परगण्यातल्या राजप्रतिनिधीची, नेमणूक काढून घेतली, पण लॉर्ड्समधली जागा काढता आली नाही. जन्माच्या जागेने एका माणसाची जीभ वाचवली, हे कबूल करायला हवं.

तरी दुसरं पारडंही पाहा. १५३६ मध्ये ॲन बुलीनच्या खटल्यात न्यायाधीश म्हणून अध्यक्षस्थानी बसून तिला मृत्युदंड सुनावणारा तिचा सख्खा मामाच होता, तिसरा ड्यूक. १६८० मध्ये कॅथलिकांच्या एका बनावट कटाची आवई उठली आणि त्यात हॉवर्ड घराण्यातलाच म्हातारा व्हायकाउंट स्टॅफर्ड अडकला. खटला लॉर्ड्सपुढेच चालला. साक्षी खोट्या होत्या. तरीही मत देणाऱ्या त्याच्या नातलग उमरावांपैकी बहुतेकांनी त्याला दोषी ठरवलं, आणि वर्ष संपता संपता त्याचा शिरच्छेद झाला. या सगळ्यांच्या जागा जन्माच्याच होत्या की! मग निर्भीडपणा कुठे गेला? अकराव्या ड्यूकला वाचवलं ते जागेच्या शाश्वतीने, आणि शाश्वती द्यायला जन्मच लागतो असं कोणी सांगितलं? न्यायाधीशाला ती कायद्याने मिळते. पुन्हा नेमणूक होणार नाही अशी एकच लांब मुदत दिली, तर सभासदालाही मिळेल.

यावर प्रतिटोला येतो की मग पंतप्रधानाने नेमलेले तहहयात लॉर्ड्स काय कमी मिंधे आहेत? बरोबर, आहेत. पण वंशपरंपरा तरी काय आहे? जुन्या नेमणुकीचं शिळं रूप. पहिला हॉवर्ड हाही रिचर्डच्या मेहेरबानीचा माणूस होता. १६११ मध्ये पहिल्या जेम्सने बॅरोनेट हे नवं वंशपरंपरागत पद काढलं, लॉर्ड्समध्ये जागा नसलेलं, आणि त्याचा भाव ठेवला १,०९५ पौंड. पंतप्रधान लॉइड जॉर्जच्या काळात पदांचा बाजार इतका माजला की १९२५ मध्ये तो रोखायला कायदा करावा लागला. कित्येक पदव्यांचा उगम तर आपल्याच भूमीवर आहे. १८०३ मध्ये लासवारीला शिंद्यांच्या फौजेचा पराभव करणारा जेरार्ड लेक पुढच्या वर्षी ‘दिल्ली आणि लासवारीचा’ बॅरन झाला, पुढे व्हायकाउंट. घराण्यात पुरुष उरला नाही तेव्हा १८४८ मध्ये ते पद संपलं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण जिंकणाऱ्या फौजेचा सेनापती जॉर्ज हॅरिस ‘श्रीरंगपट्टण आणि म्हैसूरचा’ बॅरन झाला. त्याचा वारस चौथा लॉर्ड हॅरिस १८९० ते ९५ मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईतल्या शाळांची हॅरिस शील्ड त्याच्याच नावाची, ज्या स्पर्धेत १९८८ मध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली. टिपूच्या पाडावाचं बक्षीस चार पिढ्यांनंतरही इंग्लंडचे कायदे करायला बसत होतं. पहिल्या माणसाची कर्तबगारी मान्य करू. चौथ्याची कोणती?

समारंभांचा मुद्दा मला फारसा वजनदार वाटत नाही. १९५३ चा राज्याभिषेक, १९६५ ची चर्चिल यांची अंत्ययात्रा, २०२२ मध्ये राणीचा अंत्यविधी, २०२३ मध्ये चार्ल्स यांचा राज्याभिषेक: अर्ल मार्शलांनी हे सगळं देखणं पार पाडलं, यात वाद नाही. पण १९१७ मध्ये हे पद आठ वर्षांच्या मुलाकडे आलं होतं आणि काम त्याचा काका पाहत होता. १६६० मध्ये ज्याला ड्यूकपद परत मिळालं तो थॉमस तर मनाने अधू, इटलीत पादुआला ठेवलेला, आणि तिथेच वारला. काम होत असतं ते अधिकाऱ्यांच्या, भालदार-चोपदारांच्या आणि लष्कराच्या तालमीवर. अलीकडचे अठरावे ड्यूक राणीचा अंत्यविधी उरकून आठवडा होतो न होतो तोच गाडी चालवताना मोबाइल वापरल्याबद्दल कोर्टात उभे राहिले. राज्याभिषेकाच्या तयारीसाठी परवाना लागेल हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही, सहा महिने बंदी घातली. राज्याभिषेक ठरल्या दिवशी झालाच. समारंभाचं पद ठेवा की त्यांच्याकडे. या विधेयकानेही ते काढलेलं नाही, त्याबरोबर येणारी सभागृहातली जागा तेवढी काढली.

आता विजयाचे ढोल वाजवणाऱ्यांकडे येतो. १९९९ मध्येही असाच जल्लोष झाला होता. त्या कायद्याने सहाशेहून अधिक वंशपरंपरागत उमराव बाहेर गेले, पण ९२ मागे ठेवले गेले. ही तडजोड पंतप्रधान ब्लेअर यांच्याशी गुपचूप ठरवली विरोधी बाकांवरच्या व्हायकाउंट क्रॅनबोर्न यांनी, आणि ते कुणाचे वारस? पहिल्या एलिझाबेथच्या मंत्र्याचे. मागे राहिलेल्यांपैकी कुणी गेला की पोटनिवडणूक व्हायची. २०१६ मध्ये अशाच एका पोटनिवडणुकीत उमेदवार होते सात आणि मतदार तीन. तीनही मतं एकालाच पडली. हे पाहून सतराव्या शतकातल्या दरबाऱ्यालाही हसू फुटलं असतं.

आणि जागा गेली तरी जमीन कुठे जाते? ॲरंडलचा किल्ला आणि तिथली इस्टेट या घराण्याकडे आहे आणि राहील. गंमत अशी की पूर्वजांनी मालमत्तेवर घातलेली बंधनं अनंत काळ चालू द्यायची नाहीत, या इंग्लिश कायद्यातल्या तत्त्वाचा पाया ज्या निकालाने घातला, तो १६८२ चा निकाल ‘ड्यूक ऑफ नॉरफोक खटला’ म्हणूनच ओळखला जातो. पादुआच्या त्या अधू थॉमसच्या बापाने मुलांमध्ये इस्टेट कशी फिरावी याची जी तजवीज करून ठेवली होती, तिच्यावरून भावाभावांत लागलेली ही भाऊबंदकी. मेलेल्याचा शब्द जमिनीवर किती काळ चालावा याला इंग्लंडने मर्यादा घातली. मेलेल्या राजाची सनद संसदेत किती काळ चालावी, हे ठरवायला त्याच इंग्लंडला आणखी तीनशे वर्षं लागली. आपल्याकडचा अनुभव तरी काय सांगतो? राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने पदव्या गेल्या, १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे आणि संस्थानिक म्हणून असलेली मान्यता गेली. तरी राजवाड्यांतली माणसं त्यानंतरही निवडून येत राहिली, मंत्री झाली. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की आता त्यांना मतं मागायला दारोदार जावं लागतं.

लॉर्ड्समध्ये जन्माची जागा घेतली आहे ती पंतप्रधानाच्या यादीने, आणि या यादीला कुणाच्याच दारी जावं लागत नाही. नावं तपासायला आयोग आहे, पण त्याचं काम सल्ला देण्याचं. २०२० मध्ये बोरिस जॉन्सन यांनी तो सल्ला धुडकावून आपल्या पक्षाच्या एका माजी खजिनदाराला लॉर्ड्समध्ये बसवलं आणि कायदा काही करू शकला नाही. सभागृहाची संख्या आठशेच्या आसपास घुटमळत राहिली ती याच मोकळिकीमुळे. वंशपरंपरा संपवणाऱ्यांनी खरं तर इथे बोट ठेवायला हवं होतं: आयोगाचा शब्द बंधनकारक करा, सभासदांची संख्या आणि मुदत कायद्यात लिहा. पण २०२४ चं विधेयक मांडलं गेलं तेव्हा त्यात पंतप्रधानाने किती जणांना नेमावं याला आळा घालणारं एकही कलम नव्हतं.